बंद घराची गोण

दौलत,

काल तुझ्या वाडीचा बंधारा घातला. तुझ्याशिवायचा पहिला. आज अंग इतकं आंबलंय की उठताना भिंत धरावी लागतेय, तरी टेबलाशी येऊन बसलोय, कारण सुरेशला माझ्याकडून दोन पानं हवी आहेत. तुझ्या नावानं शेतकीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती सुरू होतेय, तिच्या कार्यक्रमात पुस्तिका वाटायची आहे, आणि तीत 'दिवंगत मित्राविषयी चार शब्द' मी लिहायचे.

तुझा जन्म, शिक्षण, पोलादपूर तालुक्यातल्या कुठकुठल्या वाड्यांत पाणी समित्या उभ्या केल्यास, कुणी कुठे शाल घातली, हे सगळं सुरेश लिहिणार आहे. वाडीच्या मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याची भाषा अशी झालीय की साधं 'या, बसा' म्हणताना सुद्धा तो प्रास्ताविक करतो. मला ते जमत नाही. महाडात ट्रान्सपोर्टचा धंदा करण्यात माझी हयात गेली, मला लिहायची सवय ती माल पोचल्याच्या पावत्यांची. म्हणून तुलाच लिहितोय. सुरेशला छापायचं तर छापू दे, नाहीतर राहू दे.

दोन महिने होतील तुला जाऊन. गणपती गेले आणि मागोमाग तू. वरच्या झऱ्यातला पाला काढून आलास, पडवीत टेकलास, शेजारच्या पारूवैनीला 'चाय टाक गो' म्हणालास, आणि ती कप घेऊन आली तोवर आटोपलं होतं. ती अजून तेच घेऊन बसलीय. "चाय तरी पिऊन जायाचं व्हतं," म्हणते. मयताला मी वर आलो तेव्हा तो कप तसाच पायरीवर होता, कुणी उचलला नव्हता. मी उचलला आणि विसळून ठेवला. मला तेव्हाही रडू आलं नाही आणि नंतरही नाही. मला नुसता थकवा येतो. सकाळी उठल्यावर येतो, दुकानात बसल्यावर येतो, कुणी तुझं नाव काढलं की जास्त येतो.

दर वर्षी दसरा झाला की तुझा फोन यायचा. "शेठ, गोणी जमवाया घ्या." मला शेठ म्हणणारा तू एकटाच, तेही खिजवायला. मग मी महाडभर जिथे जिथे बांधकाम चालू असेल तिथून सिमेंटच्या रिकाम्या गोणी गोळा करायचो, खताच्या दुकानातून मागून आणायचो, आणि त्या आमच्या मागच्या अंगणात रचून ठेवायचो. त्या धुळीपायी तुझ्या जुबेदाभाभीनं मला किती वर्षं बोलून घेतलंय ते तुला माहीत आहे. या वर्षी फोन आला नाही. तरी दसरा झाल्यावर मी गोणी जमवायला लागलो. जुबेदा दारात उभी राहून बघत होती. "आता कुणासाठी?" म्हणाली. मी म्हटलं, सवय आहे. संध्याकाळी बघतो तर गोणी झटकून, दोऱ्या काढून, नीट घड्या घालून ठेवलेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं हात लावला.

आपली ओळख शाळेतली. तू डोंगरातून उतरून महाडात बोर्डिंगला राहायचास, मी तुडीलहून यायचो, आणि मास्तरांनी दोघांना एका बाकावर बसवलं, कारण दोघंही बोलके आणि दोघांनाही दुसऱ्या कुणाजवळ बसवून उपयोग झाला नव्हता. मार्च महिन्यातली गोष्ट आठवते. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आपण डबा खात होतो. तुझी नाचणीची भाकरी मी घेतली होती आणि माझं सुकट तू. तू खायचं थांबून पाण्याकडे बघत बसलास. तुमच्याकडे तेव्हा झरे आटायला लागले होते, तुझी आई उतार उतरून खालच्या डबक्यावर जात होती. "येवढं पानी," तू म्हणालास, "आनि नुसतं बसलंय." मी हसलो. आम्ही सावित्रीच्या काठची माणसं, पाण्याचं आम्हाला कौतुक नव्हतं, धाक होता. पुढे आयुष्यभर मी तुला तेच ऐकवत राहिलो, की पावसाळ्यात सगळं पाणी आमच्या अंगावर सोडता, आम्हाला बुडवता, आणि उन्हाळ्यात स्वतः हंडे घेऊन हिंडता. तू म्हणायचास, "म्हनून तर अडवतोय. तुझ्या दारात येवढं नको जायाला."

तू पाणी अडवायचास आणि मी गोणी आणायचो, आपल्या कामाची वाटणी सरळ होती. तुमचा वहाळ दिवाळीपर्यंत खळाळतो आणि शिमग्याला कोरडा पडतो. धार बारीक झाली की मातीच्या गोणी आडव्या रचायच्या, फटींत चिकणमाती दाबायची, पाणी तुंबतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरी उन्हाळा काढतात. पहिल्या मोठ्या पावसात तो बंधारा वाहून जातो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा घालायचा. माझा जीव याच गोष्टीला उबगायचा. किती वेळा म्हटलं तुला, सिमेंटचा पक्का घाल, खडी-वाळू मी आणतो, भाडं नको. तू ऐकलं नाहीस. "पक्का झाला की वहाळात कोन उतरनार? मग गाळ काढाया तू येनार का, शेठ?" मी म्हटलं, अरे दर वर्षी वाहून जायला दर वर्षी बांधायचं, याला काही अर्थ आहे का? तर म्हणे, "भांडी रोज खरकटी व्हतात म्हनून जेवाया नको का?" तुझ्याशी वाद घालण्यात हाच त्रास. उत्तर द्यायचास आणि कामाला लागायचास.

पण खरं भांडण त्याचं नव्हतं. खरं भांडण बंद घरांचं.

हे वाचणाऱ्यांना तुमची रीत सांगायला हवी, म्हणून लिहितो. बंधाऱ्याचा पहिला थर घरटी एक गोण असा लागतो. वरचे थर मग कुणी कितीही भरावेत. तू वहाळातल्या त्या काळ्या खडकावर उभा राहायचास आणि सगळ्यांत वरच्या घरापासून एकेक घर पुकारत खाली यायचास. कागद नाही, काही नाही, सगळं तोंडपाठ. "घर पारूचं!" की पारूवैनी पाण्यातून ओरडायची, "हाय!" आणि तिची गोण बसायची. त्यानंतर पुढचं घर. निम्म्याच्या वर घरांना कुलपं. माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारी. त्यांचीही नावं तू तशीच खड्या आवाजात पुकारायचास आणि मग तूच खडकावरून उतरून "हाय" म्हणायचास आणि गोण भरायला घ्यायचास. मी काठावर चहाचा ग्लास घेऊन बसलेला. एकदा म्हटलं, दौलत, नाटकात दोन-दोन पार्ट करतोस होय? सगळा वहाळ हसला. तू पण हसलास. मग मी म्हटलं, जे इथलं पाणी पीत नाहीत त्यांच्या गोणी कशाला? ज्यांना वाडी नको त्यांना वाडीनं किती दिवस धरून ठेवायचं?

तू गोणीचं तोंड आवळत होतास. मान वर न करता म्हणालास, "घर बंद हाय, यासीन. गेल्यालं नाय."

हे वाक्य मी तुझ्याकडून किती वेळा ऐकलं! आमच्याकडे पूर आला त्या वर्षीसुद्धा. तुडीलच्या घरात कमरेएवढा चिखल बसला होता, आणि पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी तू वाडीतली माणसं घेऊन आलास, फावडी, घमेली आणि पारूवैनीनं बांधलेल्या भाकऱ्यांसकट. माझं घर धुऊन झालं. मी म्हटलं, आता बसा, जेवा. तर तू शेजारच्या घराचं दार ढकलत होतास. ते घर बंद, मालक कुवेतला. मी म्हटलं, अरे राहू दे ते, त्यांचं ते बघतील. तू म्हणालास तेच वाक्य, आणि खिडकीतून आत उतरलास. तुझ्या मागे तुझी माणसं उतरली. मला लाज वाटली आणि रागही आला. शेजारी माझा होता, आणि चिखल उपसायला तू.

राग कसला होता हे तुला माहीत होतं. माझा मोठा तेव्हाच गल्फला गेलेला होता. धाकटा नदीम माझ्याबरोबर धंद्यात राहील असं मी धरून चाललो होतो. त्याच्यासाठी तुडीलच्या घरावर मजला चढवला, फरशी बसवली. आणि मग तोही गेला, दोह्याला. आम्ही नवरा-बायको महाडातच राहायला आलो, कारण त्या एवढ्या घरात आवाज घुमायला लागला. आता तुडीलला कुलूप आहे. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर नदीमला फोन लावायचा आणि विचारायचं, कधी येतोस? तो म्हणायचा, बघतो अब्बा. हळूहळू त्याचे फोन आखूड होत गेले. तू एकदा माझ्या दुकानात बसलेला असताना हे ऐकलंस. मी फोन ठेवल्यावर म्हणालास, "तसं नको विचारू रे. येनारा मानूस पन अडखळतो." मी तुझ्यावर खेकसलो, तुला काय कळतंय म्हटलं. तुझा स्वतःचा मुलगा संदीप पुण्यात, तरी बोललो. तू चहा संपवलास आणि गोणींचं विचारलंस.

म्हणून शिष्यवृत्तीचा विषय निघाला तेव्हा मी कुठल्या बाजूला असणार हे ठरलेलंच होतं. तालुक्यातल्या लोकांना तुझा मोठा सत्कार करायचा होता. तू म्हणालास, शाल-श्रीफळ नको, शेतकी शिकणाऱ्या एखाद्या पोराची फी भरा. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आपण उभे होतो, तुझी वाडीची गाडी यायची होती. मी म्हटलं, कल्पना चांगली आहे, पण अट घाल. शिकून झाल्यावर महाड-पोलादपुरातच काम करायचं, लिहून द्यायचं. नाहीतर आपण फी भरायची आणि ते जाणार दुसरीकडे. पाणी अडवतोस ना, मग माणसं का नाही अडवत?

"अडवनं म्हंजे बांधून घालनं नाय," तू म्हणालास. "दमानं जा, येवढंच म्हनायचं. जायाचं पानी जातंच."

मी म्हटलं, मग अडवून उपयोग काय?

तू तोंड उघडलंस आणि गाडी लागली. "उद्या बोलू," म्हणालास आणि गर्दीत घुसलास. पिशवी माझ्याकडेच राहिली होती, ती मी खिडकीतून दिली. ते आपलं शेवटचं बोलणं. तू काय सांगणार होतास, ते मी दोन महिने शोधतोय, दौलत. झोप लागत नाही तेव्हा मी तुझ्या बाजूनं बोलून बघतो, पण तुझ्यासारखं बोलता येत नाही. मीच जिंकतो, आणि त्यात काही मजा नाही.

तेराव्याला मंडळानं ठरवलं, शिष्यवृत्ती तुझ्याच नावानं द्यायची. निवडायला तिघं: मंडळाचा म्हणून सुरेश, गावकीची म्हणून पारूवैनी, आणि तुझा दोस्त म्हणून मी. अर्ज एकच आला. मानसी, महादूची मुलगी. महादू डोंबिवलीला असतो, त्याच्या वाडीतल्या घराला इतकी वर्षं कुलूप आहे की अंगणात करवंद माजलंय. पोरगी दापोलीला शेतकी शिकते. बापलेक माझ्या दुकानात आले. सुरेश म्हणाला, वाडीत राहणारा विद्यार्थी असता तर बरं झालं असतं, तसा संदेश जायला हवा. पारूवैनी म्हणाली, "वाडीत ऱ्हानारं नि कॉलेजात जानारं येक तरी दाखव की रे. म्हशी हायत, त्या धाडू का?"

मी माझी अट काढली. मुलीला म्हटलं, लिहून दे, शिकून झाल्यावर इकडे येशील म्हणून. आमचं दुसरं काही म्हणणं नाही. महादू घाईनं म्हणाला, देईल की, लगेच देईल. ती मात्र पेन हातात घेऊन बसून राहिली. अंगानं बारीक, बोलायला सरळ.

"चाचा, साइन करायला प्रॉब्लेम नाही," म्हणाली. "पण खोटी करू की खरी?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला खरंच माहीत नाही मी येईन का. यावंसं वाटतं. पण तेव्हा काय असेल ते आता कसं सांगू? तुम्हाला हवी असेल तर करते सही."

महादूनं तिच्याकडे डोळे वटारले. मी चिडलो. तुला सांगतो, तिच्यावर नव्हतो चिडलो. माझ्या पोरांनी जाताना सरळ सांगितलं होतं, दोन वर्षांत येतो अब्बा, आणि मी ते घट्ट धरून बसलो होतो. ही पोरगी तेवढंही देईना. मी म्हटलं, मग आपलं जमणार नाही. पारूवैनीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती दूध नासल्यावर भांड्याकडे बघते. शेवटी सुरेशनं मध्यममार्ग काढला, सगळे बंधाऱ्याला वाडीत येणारच आहोत, तिथेच ठरवू. खरं तर सगळे बंधाऱ्याला येतील याचीच मला खात्री नव्हती. तू नाहीस म्हटल्यावर माणसं वहाळात कशाला उतरतील?

काल सकाळी मी टेम्पो भरून वर आलो. चढावर टेम्पो धापा टाकत होता, मीही. वळणावरून खाली बघितलं तर वहाळात माणसं होती. तुझ्या वेळेएवढी नाहीत, पण होती. बायका पदर खोचून माती ओढत होत्या. सुरेश मुंबईहून पांढरे बूट घालून आला होता. मानसी बापाबरोबर आली होती, ती आधीच गुडघाभर पाण्यात.

पुकारायचं कुणी यावर सगळे अडले. तू कधी कुणाला शिकवलं नव्हतंस. सुरेश खडकावर चढला, दोन घरं पुकारली आणि तिसऱ्याला थांबला. पारूवैनी ओरडली, "उतर रे खाली. याला सोताच्या आत्याचं घर म्हायत नाय! यासीनभावजी, तुमी चढा. इतकी वर्सं काठावर बसून आयकताव, तुमाला पाठ आसल."

मी म्हटलं, अहो मी वाडीचा नाही. ती म्हणाली, "मग काय झालं? आवाज तर हाय."

आणि दौलत, मला खरंच पाठ होतं. चहा पिता पिता सगळं आत गेलं होतं, तुझ्या क्रमानं, तुझ्या सुरात. मी वरच्या घरापासून सुरुवात केली. पारूवैनी 'हाय' म्हणाली. मग पहिलं बंद घर आलं. मी पुकारलं आणि थांबलो. सगळेच थांबले. सवयीनं सगळ्यांच्या माना खडकाकडे वळल्या, कारण त्या घराचं उत्तर तिथून यायचं. खडकावर मी होतो. मग खालून कुणीतरी, कोण ते मला दिसलं नाही, दबक्या आवाजात म्हणालं, "हाय." पुढच्या बंद घराला दुसरंच कुणी. त्याच्या पुढच्याला दोघं-तिघं एकदम. आपापली गोण भरलेली माणसं वाकून पुन्हा माती भरायला लागली.

"घर महादूचं!" मी पुकारलं.

"हाय!" मानसी ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरानं स्वतःच्या तोंडानं उत्तर दिलं. पारूवैनीनं हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

तुझं घर तू नेहमी शेवटी पुकारायचास. मी तिथपर्यंत आलो. नाव तोंडाशी आलं, बाहेर येईना. संदीपला रजा मिळाली नव्हती, तुझ्या दाराला कुलूप मी येतानाच बघितलं होतं, पायरीवर पाला साचला होता. मी खडकावर नुसता उभा.

"पुकारा की," पारूवैनी खालून म्हणाली. "थांबलाव कशाला? घर बंद हाय. गेल्यालं नाय."

मी पुकारलं. आणि दुसरं कुणी बोलायच्या आत मीच 'हाय' म्हणालो. खडकावरून उतरलो, पॅन्ट दुमडली आणि वहाळात शिरलो. मी आजवर एकही गोण भरलेली नाही हे तुला माहीत आहे. माझं काम पोचवण्याचं. मानसीनं गोणीचं तोंड उघडून धरलं आणि मी फावड्यानं माती टाकत गेलो. निम्मी बाहेर सांडत होती. ती हसली नाही. दोघांनी मिळून उचलली आणि तुझ्या जागी बसवली. पाणी गोणीला टेकलं, थोडं थांबलं आणि बाजूनं वाट काढून निघून गेलं. मी बघत राहिलो. मग सहज विचारल्यासारखं तिला विचारलं, पुढच्या वर्षी येशील का?

"परीक्षा नसेल तर," ती म्हणाली.

मला हसू आलं. तू गेल्यावर पहिल्यांदा.

नेहमीप्रमाणे मी टेम्पो फिरवायला वर निघालो. अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा असतो. दर वर्षी मी टेम्पो फिरवून हॉर्न वाजवत बसायचो आणि तू खाली पाण्यातच वाकलेला असायचास, हात करायचास, ही शेवटची, ही शेवटची. मला वाटायचं तुझा पाय निघत नाही. काल पारूवैनीनं मला अडवलं.

"थांबा. टेम्पो पळून जात नाय. अजून येक घर ऱ्हायलंय."

मी म्हटलं, सगळी झाली. दौलतचं शेवटचं.

"दौलतचं शेवटचं नसायचं. तुमी टेम्पो फिरवाया गेलाव की तो येक घर पुकारायचा. हळू पुकारायचा, तुमाला आयकाया जाऊ नये म्हनून." आणि ती, त्या वयात, सुरेशच्या खांद्यावर हात टेकून खडकावर चढली. काल मात्र हळू नाही पुकारलं तिनं. "घर यासीनभायचं! तुडीलचं!"

"हाय!" सगळा वहाळ म्हणाला.

मी कधीपासून एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुमचा धाकला गेला, त्या सालापासनं."

दौलत, मी तिथे ओल्या दगडावर बसलो आणि रडलो. माणसं माझी गोण भरत होती आणि मी रडत होतो. दर वर्षी काठावर बसून मी विचारायचो, बंद घरांच्या गोणी कशाला, आणि तू मान खाली घालून माझ्या घराची गोण लावायचास. हे तू मला सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी वाद घातला नसता. घातला असता बहुतेक. पण निदान हरलो तरी असतो. आता मी कुणाकडे जाऊन म्हणू, की दौलत, तुझं बरोबर होतं?

सुरेशनं हळूच विचारलं, चाचा, मग अटीचं काय? मी म्हटलं, मुलीला अट नको. अट आपल्याला. तिचं घर दर वर्षी पुकारायचं. ती आली तर ती 'हाय' म्हणेल, नाही आली तर कुणीतरी म्हणायचं, आणि ज्या ज्या पोराला ही शिष्यवृत्ती मिळेल त्याचं घर असंच पुकारायचं. सुरेश म्हणाला, हे पुस्तिकेत कसं लिहायचं? मी म्हटलं, जसं सांगितलं तसं. पारूवैनी म्हणाली, "चला, चाय झाला."

घरी आलो तेव्हा मगरीबच्या नमाजाची वेळ झाली होती. जुबेदानं चिखलाचे पाय बघितले आणि गरम पाणी ठेवलं. शुक्रवार नव्हता, तरी मी नदीमला फोन लावला. तो घाबरला, म्हणाला, काय झालं अब्बा? मी म्हटलं, काही नाही, आज आपल्या घराची गोण लागली. कसली गोण, त्यानं विचारलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बाकापासून. इतका वेळ आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. तो मधेमधे हसला. शेवटी म्हणाला, मला तो बंधारा बघायचाय.

बघ की, मी म्हटलं. कधी, ते विचारलं नाही.

तुझा,
यासीन